व्यायामाने उठणारे पित्त आणि धंतोलीतला एक दवाखाना

सेमिनरी हिल्सचा चढ निम्माही चढून होत नाही तोच मानेवर आणि दंडांवर टोचल्यासारखी खाज सुटायची आणि मोहरीच्या दाण्याएवढ्या गांधी उठायच्या. घरी येऊन पंख्याखाली बसले की तासाभरात त्यांचा मागमूसही उरत नसे. ‘व्यायाम केला की पित्त उठते’ असे मी आधीच्या एका दवाखान्यात सांगितले, तिथे त्याचा अर्थ आम्लपित्त असा घेतला गेला आणि वर्षभर मी जळजळीच्या गोळ्या खात राहिले. आमसुलाचे पाणीही लावून झाले. म्हणूनच नागपूरच्या धंतोलीतल्या या त्वचारोग दवाखान्याबद्दल सविस्तर लिहीत आहे.

येथील डॉक्टर मॅडमनी औषध लिहिण्याआधी अर्धा तास प्रश्न विचारले: गरम पाण्याने आंघोळ केल्यावर, सावजी रस्सा खाल्ल्यावर किंवा खूप चिडल्यावर असेच होते का, व्यायामाआधी काय खाल्ले होते, अंगदुखीची गोळी घेतली होती का, आणि कधी घसा आवळला, दम लागला किंवा भोवळ आली का. शेवटच्या प्रश्नावर त्या पुन्हा पुन्हा येत होत्या, आणि त्याचे कारणही त्यांनी नीट समजावले. शरीराचे तापमान वाढल्याने उठणाऱ्या अशा बारीक गांधींना कोलिनर्जिक अर्टिकेरिया म्हणतात व त्या सहसा जिवावर बेतत नाहीत. व्यायामामुळे होणाऱ्या अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे जिवावर बेतू शकणाऱ्या तीव्र अ‍ॅलर्जीच्या झटक्यात, मात्र गांधी बहुधा मोठ्या असतात, रक्तदाब कोसळू शकतो, आणि काहींना असा झटका गहू किंवा कोळंबी खाऊन काही तासांत व्यायाम केला तरच येतो. अशा रुग्णाने एकट्याने धावू नये आणि अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन जवळ ठेवावे.

पुढच्या भेटीत मला रक्तदाबावर लक्ष ठेवून ट्रेडमिलवर चालवले. बाराव्या मिनिटाला कोपराच्या वर पहिली गांध दिसली, तेव्हा मॅडमनी तिच्याभोवती पेनाने गोल काढला आणि ती जिरेपर्यंत मला तिथेच बसवून ठेवले. वर्षभरात माझे दुखणे प्रथमच कुणीतरी डोळ्यांनी पाहत होते.

बिलास्टिन या अ‍ॅलर्जीवरच्या औषधाची गोळी त्रास झाल्यावर नव्हे तर रोज, आणि उपाशीपोटी घ्यायची, कारण अन्नाबरोबर किंवा फळांच्या रसाबरोबर ती कमी शोषली जाते, हे त्यांनी चिठ्ठीवर मराठीत लिहून दिले. सिट्रिझिनने मला दिवसभर पेंग यायची, तशी हिने येत नाही. दोन आठवड्यांनी त्यांनीच मात्रा वाढवली. स्वतःहून ती वाढवू नये, हे वेगळे सांगायला नको. मी व्यायाम सोडावा, याला मात्र त्यांनी साफ नकार दिला. आता पहाटे पाचला निघते, हळू सुरुवात करते आणि चढ पूर्ण होतो. क्वचित चार-दोन गांधी उठतात, पण परत फिरावे लागत नाही.

तक्रार एकच आहे. वेळ ठरवूनही दीड तास थांबावे लागले, आणि तेही मे महिन्यात, पश्चिमेच्या उन्हाने तापलेल्या, एकच पंखा असलेल्या खोलीत. उकाड्यानेच ज्यांना गांधी उठतात असे रुग्ण तिथे बसतात. माझ्या मानेवर तर नंबर येण्याआधीच त्या उठल्या होत्या. पुढच्या उन्हाळ्याआधी त्या खोलीत एक कूलर बसवावा, ही दवाखान्याला मनापासून विनंती आहे.