पहिला डिजिटल मिक्सर घेताना: एक्सआर १८, यूआय २४आर, सीक्यू १८टी की जुना एक्स ३२?

दशावतार, डबलबारी (दोन भजनी मंडळांचा सामना), नमन, गणपतीतली भजनं, लग्नाचं रिसेप्शन असं सगळं एकाच टेम्पोतल्या सामानावर करणारे साउंडवाले रत्नागिरी-सिंधुदुर्गात पुष्कळ आहेत. बारा-सोळा चॅनेलचा अ‍ॅनालॉग मिक्सर थकला की पुढचा डिजिटलच घ्यावा, यात आता वाद उरलेला नाही. वाद असतो तो कुठला घ्यायचा यावर. कागदावर हे सगळे मिक्सर जवळपास सारखेच दिसतात. किंमत उतरवताना प्रत्येक कंपनीने कात्री कुठे लावली, हे बघून निवड करावी असं माझं मत आहे.

स्वस्ताईची ही चढाओढ जुनी नाही. १९९८ मध्ये यामाहाचा ०१व्ही आला तेव्हा छोट्या डिजिटल मिक्सरमध्ये त्याला फारसा स्पर्धक नव्हता. बेहरिंगरच्या मालक समूहाने २००९ मध्ये मिडास ही नावाजलेली ब्रिटिश कंपनी घेतली आणि २०१२ मध्ये एक्स ३२ बाजारात आला. ३२ माईक प्रीअ‍ॅम्प (माईकचा क्षीण आवाज वाढवणारे इनपुट), २५ मोटरवर चालणारे फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या दांड्या), आणि किंमत अशी की बाकीच्यांना हलावंच लागलं. २०१३ मध्ये अ‍ॅलन अँड हीथचा क्यू १६ आला, २०१५ मध्ये यामाहाची टीएफ मालिका. आज अ‍ॅलन अँड हीथ आणि महागडे मिक्सर बनवणारी डिजिको एकाच ऑडिओटोनिक्स समूहात आहेत; साउंडक्राफ्ट हार्मनकडे आणि हार्मन २०१७ पासून सॅमसंगकडे. घरातला महाग माल खपायचा असेल, तर स्वस्त मिक्सरमध्ये काहीतरी हातचं राखलं जाणारच.

आता डबलबारीचा हिशोब मांडा. एका बाजूला बुवांचा माईक, पेटीला एक, पखवाजाला दोन, झांजेला एक, कोरसला तीन. झाले आठ. दुसऱ्या बारीचे आठ. वर निवेदकाचा एक, म्हणजे सतरा. बेहरिंगर एक्सआर १८ मध्ये नावात अठरा असले तरी माईक प्रीअ‍ॅम्प सोळाच आहेत. शेवटचे दोन इनपुट लाइनचे, म्हणजे थेट माईक लावायचे नव्हेत. निवेदकाला कॉर्डलेस देऊन त्याचा रिसीव्हर सतराव्यावर लावला की भागतं, पण मग माईकसाठी हाताशी काही शिल्लक राहत नाही. मॉनिटरसाठी, म्हणजे कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरसाठी, ऑक्स (वेगळे आउटपुट) सहा: दोन बुवा, दोन पखवाजी, दोन कोरस. तेही संपले.

साउंडक्राफ्टच्या यूआय २४आर मध्ये प्रीअ‍ॅम्प २० आणि ऑक्स आउट ८, त्यामुळे डबलबारीला तो मोकळेपणाने पुरतो. अ‍ॅप लागत नाही, कुठल्याही फोनच्या ब्राउझरवर चालतो. आणि थेट पेन ड्राइव्हवर २२ ट्रॅक वेगवेगळे रेकॉर्ड होतात. बाऱ्यांचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकणाऱ्या मंडळांना नंतर पखवाज थोडा वर, झांज थोडी खाली करून देता येते, आणि त्या कामाचे वेगळे पैसे मिळतात. एक्सआर १८ वरही यूएसबीने १८ ट्रॅक घेता येतात, पण लॅपटॉप जोडूनच.

दोघांची कात्री एकाच ठिकाणी लागली आहे: ना फेडर, ना स्क्रीन. सगळी मदार टॅबवर. जत्रेत हजारभर फोन खिशात असलेली माणसं जमली की एक्सआर १८ चा आतला वायफाय दमतो. तो फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. ऐन गजरात टॅबवरचे मीटर थिजतात. आवाज चालू राहतो, पण माईक ओरडायला लागला तर खाली घ्यायला हातात काहीच नसतं. म्हणून एक्सआर १८ घेणाऱ्याने ५ गिगाहर्ट्झचा बाहेरचा राउटर त्याच बजेटमध्ये धरावा आणि जमल्यास लॅपटॉप लॅन केबलने जोडून शेजारी ठेवावा. या चौघांत नवा घ्यायला सगळ्यात स्वस्त हाच आहे, राउटर धरूनही.

अ‍ॅलन अँड हीथचा सीक्यू १८टी २०२३ चा. यालाही प्रीअ‍ॅम्प सोळा आणि ऑक्स सहाच, पण अंगावर सात इंची टचस्क्रीन आणि फिरवायचे नॉब आहेत. वायफाय गेला तर तिथूनच मिक्स करता येतं. शिट्टी, म्हणजे स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरून होणारा चीत्कार, पकडायला फीडबॅक असिस्टंट आहे. दशावतारात नट पुढच्या उभ्या माईकपासून कधी हातभर, कधी चार हात लांब बोलतो. गेन (माईकची संवेदनशीलता) चढवावाच लागतो आणि शिट्टी ठरलेली. एकट्याने नाटक सांभाळणाऱ्याला मी हाच सुचवेन.

यामाहाचा डीएम३ याहून बराच महाग. नऊ फेडर, नऊ इंची स्क्रीन, वजन साडेसहा किलो, बांधणी उत्तम, पण वायफाय आत नाही, राउटर वेगळा. सभागृहात कायमचा बसवायला चांगला. रोज गाव बदलणाऱ्याने एवढे पैसे घालू नयेत.

राहिला जुना एक्स ३२. मुंबईतल्या भाड्याच्या धंद्यातून हे सेकंडहँड खाली येतात. ऑर्केस्ट्रा करायचा असेल तर फेडरवर बोटं ठेवून काम करण्याचं सुख दुसऱ्या कशात नाही. मात्र फेडरच्या फटीत जत्रेच्या मैदानातली तांबडी माती जाते आणि मालवण-वेंगुर्ल्याची खारी हवा तिला चिकटवून ठेवते. घेण्याआधी दोन वेगवेगळे सीन (मिक्सरची साठवलेली सेटिंग) सेव्ह करा आणि एकामागून एक बोलवा. पंचवीसच्या पंचवीस फेडर सरळ जागेवर जायला हवेत. एखादा मध्येच थरथरला किंवा अडकला, तर तो बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागा. पावसाळ्यात झाकून नुसता ठेवू नका, आठवड्यातून तासभर चालू ठेवा.

यांपैकी काहीही घेतलंत तरी यूपीएस त्याच दिवशी घ्या. लाइट क्षणभर गेली तरी अ‍ॅनालॉग मिक्सर लगेच बोलू लागतो. डिजिटल पुन्हा सुरू होईपर्यंत रंगमंच मुका राहतो. राउटरची वायरही त्याच यूपीएसवर असू द्या. मिक्सर वाचला आणि राउटर बंद पडला, तर टॅब पुन्हा जोडला जाईपर्यंत तुम्हाला काहीच करता येत नाही.