नुसता विश्वास की विश्वास अधिक कर्मं?

एका मैत्रिणीने विचारलं, ख्रिस्ती धर्मात तारण, म्हणजे पापातून सुटका, विश्वासानेच मिळतं (प्रोटेस्टंट म्हणतात तसं) की कर्मंही लागतात (कॅथलिक म्हणतात तसं), दोन्हीकडचं ऐकून डोकं फिरलंय. "आमचंच खरं" हे दोन्हीकडचे म्हणणारच, ते सोडून देऊ.

बायबलमधल्या वचनाचा आधार बघितला तर दोघांकडे आहे आणि गंमत म्हणजे साक्षीदारही एकच, यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम! प्रेषित पौल रोमकरांस पत्रात म्हणतो की सुंता व्हायच्या आधीच अब्राहाम विश्वासामुळे नीतिमान (देवापुढे निर्दोष) ठरला, म्हणजे यहुदी नियमशास्त्र पाळून नाही, आणि याकोब आपल्या पत्रात त्याच अब्राहामाला मुलगा इसहाक याला बळी द्यायला वेदीवर ठेवताना दाखवून म्हणतो की बघा, कर्मांनी ठरला. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरने तर 1522 च्या जर्मन भाषांतरात रोमकरांस पत्रातल्या 3:28 या वचनात "विश्वासाने"च्या आधी "केवळ" हा शब्द मूळ ग्रीकमध्ये नसताना घातला. मला ते जरा जास्तच वाटतं, पण पौलाचा रोख तोच आहे हे त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही.

मनाची खात्री? इथे केवळ विश्वासवाले पुढे, कारण सगळं ख्रिस्ताने केलेलं, आपला हिशोबच नाही. कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेने 1547 मध्ये देवाची कृपाच आधी म्हटलं, पण माणसाने साथ द्यायची, त्यामुळे धाकधूक राहते.

गैरवापर दोन्हीत होतो, एकीकडे आळस, दुसरीकडे पुण्यकर्मांच्या हिशोबाची वही. 1999 मध्ये लूथरन (ल्यूथरच्या परंपरेतले प्रोटेस्टंट) आणि कॅथलिकांनी याच विषयावरच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्याही केल्यात, म्हणजे दरी वाटते तेवढी नाही.

अपराधीपणाने पोखरलेल्याने आधी पौल वाचावा. सगळं ठाऊक असून दारातल्या उपाशी माणसाला नुसतं "सुखाने जा" म्हणणाऱ्याने याकोब.