जुन्या गोव्यातलं ख्रिश्चन आर्ट म्युझियम : सांता मोनिका मठात काढलेले दोन दिवस

सध्या नन्सवर एक ऐतिहासिक कादंबरी लिहितेय, काळ १६३० च्या आसपासचा. त्यासाठी सलग दोन दिवस या म्युझियममध्ये जाऊन बसले. नुसतं फिरायला आलेल्यांना तासाभरात बघून होईल, पण त्या काळच्या बायका कशा राहत होत्या हे ज्याला समजून घ्यायचंय त्याने पूर्ण दिवस हाताशी ठेवूनच जावं.

बॉम जीझस चर्चकडून टेकडी चढून चालत दहा-पंधरा मिनिटं लागतात. समोर सेंट ऑगस्टीन चर्चचा पडका टॉवर, ४६ मीटर उंचीचा, आणि अलीकडे ही सांता मोनिका मठाची तीन मजली अवाढव्य इमारत, म्युझियम इथेच आहे. आर्चबिशप मेनेझिसनी १६०६ मध्ये मठ सुरू केला, इमारत १६२७ ला पूर्ण झाली, १६३६ ला आग लागली आणि लगेच पुन्हा बांधकाम सुरू झालं. माझी नायिका त्या आगीच्या वेळी अठरा वर्षांची आहे, त्यामुळे ही तारीख माझ्यासाठी फार महत्त्वाची.

आत शिरल्यावर सगळ्यात आधी काय जाणवलं तर भिंतीची जाडी. खिडकीच्या कोनाड्यात हात घातला तर कोपरापर्यंत नुसती भिंतच, बाहेर लोकांची गडबड चालू आणि आत तिचा फक्त गुणगुणल्यासारखा आवाज, आणि तिथेच उभी असताना कळलं की माझं तिसरं प्रकरण चुकलंय. मी नायिकेला खिडकीतून भावाला हात हलवताना दाखवलं होतं. १५६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने नन्सना बाहेर पडायची बंदी पक्की केली, म्हणजे भेट व्हायची ती भेटीच्या खोलीत लोखंडी जाळीआडून, आणि शेजारी दुसरी नन ऐकायला बसलेली. वस्तू आत-बाहेर करायला पोर्तुगीज मठांत ‘रोदा’ असायचा, भिंतीत बसवलेलं फिरतं लाकडी पिंप, देणाऱ्याला घेणारीचा चेहरा दिसत नाही असं. हे सगळं आधी वाचलेलं होतं हो, पण त्या भिंतीला हात लागेपर्यंत पोटात गेलं नव्हतं.

म्युझियमचा संग्रह मुख्यतः चर्चच्या वस्तूंचा आहे : चांदी, हस्तिदंत, लाकूड, कापड. चांदीचा पेलिकन पक्षी बघायला सगळे गर्दी करतात आणि तो आहेच तसा, पण मी सगळ्यात जास्त वेळ काढला तो जरीकाम केलेल्या धर्मगुरूंच्या वस्त्रांपुढे. जवळ जाऊन बघितलं तर जरीची तार वरच्या वर ठेवून बारीक रेशमी टाक्यांनी दाबलेली दिसते, काही ठिकाणी टाका सुटलाय आणि तार किंचित वर आलीय. ते वस्त्र याच मठातल्या नन्सनी शिवलं असं मी म्हणत नाही, पण माझ्या नायिकेचे हात दिवसभर काय करत असतील ते मला त्या सुटलेल्या टाक्यात दिसलं.

एक सांगते, ही दैनंदिन माहिती फलकांवर शोधू नका, म्युझियम कलेचं आहे. मध्यरात्रीच्या मॅटिन्सपासून झोपायच्या आधीच्या कंप्लाइनपर्यंत आठ प्रार्थना, काळा झगा आणि कमरेला चामड्याचा पट्टा, मठात शिरताना मठाला हुंडा देऊन डोक्यावर काळा बुरखा घेणाऱ्या नन्स वेगळ्या आणि कष्टाची कामं करणाऱ्या पांढऱ्या बुरख्याच्या वेगळ्या, हे घरून वाचूनच जावं. हुंड्याचा विषय तर फार मोठा आहे, श्रीमंत विधवा आणि मुली आपली संपत्ती घेऊन मठात जातात म्हणून गोव्याच्या नगरसभेने थेट पोर्तुगालच्या राजाकडे तक्रारी केल्या होत्या. मला वाटतं कादंबरी खरी तिथेच आहे, प्रेमप्रकरणात नाही.

बाहेर भेटलेल्या एका गाइडने मात्र फार निराश केलं. भुयारं, कोंडलेल्या राजकन्या, सगळं पैसे घेऊन सांगितलं आणि मठ बंद कसा पडला हे विचारलं तर उत्तर नाही. खरं तर ती गोष्ट कुठल्याही भुयारापेक्षा जास्त चटका लावणारी आहे. पोर्तुगालने १८३४ मध्ये धार्मिक संघ बरखास्त केले, नन्सना राहू दिलं पण नव्या घ्यायच्या नाहीत, आणि मग एकेक जात जात १८८५ मध्ये शेवटची नन वारली. पन्नास वर्षं! एवढ्या मोठ्या इमारतीत दरवर्षी प्रार्थनेला एखादा आवाज कमी.

मठाला लागूनच असलेल्या चॅपेलमध्ये (छोट्या प्रार्थनागृहात) एक क्रूस आहे, ज्याच्यावरच्या येशूने १६३६ मध्ये डोळे उघडले आणि जखमांतून रक्त आलं अशी श्रद्धा आहे. तिथे लोक गुडघे टेकून बसलेले असतात, तेव्हा हळू आवाजात बोला. इमारतीचा मोठा भाग सिस्टर्सच्या संस्थेकडे आहे, म्हणून उघडं दार दिसलं की आत घुसू नका, आधी विचारा.

वही, पेन्सिल आणि पाणी बरोबर ठेवा, वेळा आधी बघून घ्या. दुपारी चारनंतरचा उजेड चांगला, मी दुसऱ्या दिवशी तेव्हाच गेले आणि तिसरं प्रकरण बाहेरच्या पायरीवर बसून पुन्हा लिहायला घेतलं. आता भाऊ फक्त तिचा आवाज ऐकतो.