ॲग्रॉनॉमी की ब्रीडिंग? एम.एस्सी.चा फॉर्म भरण्याआधी

बी.एस्सी. ॲग्रीचं शेवटचं वर्ष आलं की कराड-इस्लामपूरकडच्या पोरांचे फोन सुरू होतात. एम.एस्सी.ला कृषिविद्या (ॲग्रॉनॉमी) घेऊ की वनस्पती पैदास (ब्रीडिंग), म्हणजे नवे वाण तयार करणं? मी कृषिविद्येचा, तेव्हा थोडं झुकतं माप धरूनच वाचा.

कृषिविद्येत वाण तोच; बदलायचं ते लागणीचं अंतर, खताचे हप्ते, पाणी, तणनाशक. माझा विषय सोयाबीनचा होता. दर प्लॉटमध्ये पाच झाडांना टॅग बांधायचे आणि ३०, ६०, ९० दिवसांनी त्याच झाडांची उंची, फांद्या, पानं मोजायची. बाजूची झाडं उपटून कागदी पिशवीतून ओव्हनमध्ये, वजन हलायचं थांबेपर्यंत. काम कंटाळवाणं, पण शिकलेलं पुढच्याच हंगामात घरच्या रानात वापरता येतं. अडचण अशी की दोन वर्षांत प्रयोगाला खरीप मिळतो तो बहुधा एकच. ऑगस्टात माझं एक अख्खं रेप्लिकेशन, म्हणजे त्याच प्रयोगाची रानात केलेली एक पुनरावृत्ती, तीन दिवस पाण्यात उभं होतं. ते आकडे धरायचे की सोडायचे, यावर गाईड आणि मी महिनाभर डोकं धरून बसलो.

ब्रीडिंगचा नमुना सांगलीकरांच्या दारातच आहे. सोयाबीनचे केडीएस ३४४ (फुले अग्रणी) आणि केडीएस ७२६ (फुले संगम) हे वाण कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राचे. त्यातलं के-डी हे गावाचंच नाव. कृष्णाकाठच्या तांबेऱ्याला (पानांवरचा बुरशीचा रोग) तोंड देणारं सोयाबीन इथं निवडलं गेलं. पण वाण उभा राहायला आठ-दहा वर्षं सहज जातात. तुमच्या दोन वर्षांत जेमतेम संकर करून एफ-वन (संकराची पहिली पिढी) बघून होतो, नाहीतर केंद्रात आधीच तयार असलेल्या निवडींची तुलना. उसाची हौस असणाऱ्यांना फलटण तालुक्यातलं पाडेगाव केंद्र माहीत असेलच, ते तर १९३२ पासूनचं. धीर नसेल तर या वाटेला जाऊ नका.

नोकरीचं म्हणाल तर साखर कारखान्याचं शेती खातं, ठिबक आणि खत कंपन्या कृषिविद्येकडे झुकतात. जालन्याच्या बियाणे कंपन्यांना ब्रीडर हवे असतात. एमपीएससीच्या कृषी सेवेला किंवा बँकेच्या कृषी अधिकारी पदाला पदवीच पुरते, त्यासाठी एम.एस्सी. करू नका. नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) आणि एआरएस (कृषी शास्त्रज्ञांची भरती) डोक्यात असेल तर मात्र पदव्युत्तर पदवीला पर्याय नाही. आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषद) एम.एस्सी. प्रवेश परीक्षेत कृषिविद्येचा पेपर वेगळा आणि पैदास प्लांट सायन्समध्ये येते, म्हणजे अर्धा निर्णय अर्ज भरतानाच होतो. त्या परीक्षेतून जेआरएफ ही शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला १२,६४० रुपये. घरून पैसे मागावे लागत नाहीत. तासगावची द्राक्षबाग असलेल्यांनी सरळ उद्यानविद्येचं बघावं.

अजून ठरत नसेल तर सोयाबीन फुलोऱ्यावर असताना पैदासीच्या एका संशोधन छात्राशेजारी तासभर बसा. भाताच्या दाण्याएवढी कळी, चिमट्याने पाकळ्या आणि पुंकेसर काढायचे, परागकण लावायचे, टॅग बांधायचा. निम्म्याहून जास्त कळ्या पुढं गळून जातात. मान आखडूनही उठावंसं वाटलं नाही, तर पैदास पहिल्या पसंतीला टाका.