ठाणे 14

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे "एवढ्याशा पैशांसाठी एवढं लिहायचं?" असं ज्यांना वाटेल त्यांना इथेच थांबता येईल. नेटवरून सिनेमे-मालिका दाखवणारी ओटीटी ॲप स्वस्तात देतो म्हणणाऱ्याच्या नादाने माझे 11,237 रुपये गेले. माझ्या शब्दावर विसंबून कळव्याच्या ताईने भरले ते 5,988 वेगळे, ते मी तिला माझ्या खिशातून दिले. म्हणजे 17,225.

मी 27 वर्षं अकाउंट्समध्ये काढली आहेत. दूधवाल्याच्या कार्डावर एक खाडा इकडचा तिकडे झाला तरी मला कळतो. तेव्हा फुकटाला भुललेला अडाणी म्हातारा डोळ्यांसमोर आणू नका. मी उधळपट्टी करताना फसलो नाही, काटकसर करायला बसलो म्हणून फसलो. याचीच जास्त चीड येते.

फेब्रुवारीच्या शेवटी मुलगी आणि मी सगळी बिलं घेऊन बसलो. केबल 412, वायफाय 942, तीन मोबाईल मिळून 1,060, चार ओटीटी मिळून 896, दोन वर्तमानपत्रं 390. महिन्याला 3,700, वर्षाला 44,400! चार ओटीटींपैकी एक कुणी लावतच नव्हतं. दुसरं क्रिकेटसाठी घेतलेलं, आयपीएल संपल्यावर बंद करायचं राहून गेलेलं. आई कोपऱ्यातून म्हणाली, "मला केबल पुरते रे." तिचं कुणी ऐकलं नाही.

आणि नेमकं त्याच आठवड्यात आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीच्या गेटपाशी छत्री आणि टेबल लागलं. गळ्यात फितीचं ओळखपत्र, टेबलावर लॅमिनेट केलेला तक्ता: 14 ओटीटी, सगळे मराठी चॅनेल, महिन्याला 499, वर्षाचे एकदम भरायचे. मुलगा साधारण पंचविशीचा. मला काका, बायकोला मावशी, आईला आजी. वर येऊन त्याने आईच्या रिमोटचे अडकलेले आकडे टूथब्रशने साफ करून दिले, फुकट. आई विरघळली. मीही.

यात संशय घेण्यासारखं काय होतं, तुम्हीच सांगा. वायफायवाल्या कंपन्या प्लॅनबरोबर ओटीटी देतातच की! सगळं एका बिलात, ही आज रोजची जाहिरात आहे. मी पाकिटाच्या मागे हिशेब केला: केबल आणि ओटीटी मिळून जात होते 1,308, आता 499. महिन्याला 809 वाचणार, वर्षाला 9,708. हिशेब आजही बरोबरच आहे. माणूस चुकला.

8 मार्चला, म्हणे महिला दिनाची ऑफर आज संपते, मी भरले 5,988. जोडणीचे 750. बॉक्सचं परत मिळणारं डिपॉझिट 1,500. एकूण 8,238. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर मोबाईलवर कंपनीचं नाव आलं नाही, एका माणसाचं आलं. विचारलं मी, विचारलं नाही असं नाही! "ते आमचे डिस्ट्रिब्यूटर, काका." झालं समाधान. पिन टाकायच्या आधी जे नाव दिसतं ते मोठ्याने वाचत जा. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

मग ओटीटी "तुमच्या नावावर चालू करायला" एक लिंक आली. डेबिट कार्डाचा नंबर टाकायचा, पडताळणीचा 1 रुपया जाणार. ओटीपी मीच टाकला, त्याला सांगितला नाही. म्हणजे सगळीकडे शिकवतात त्याप्रमाणे वागलो, कुणालाही ओटीपी सांगितला नाही!

आता जिथे मला कळायला हवं होतं, त्याबद्दल. हे रोज रात्री आठवतं.

त्याने टीव्हीवर लॉगिन केलं, रिमोट स्वतःच्या हातात ठेवून. कोण बघतंय, असं विचारणारा पडदा आला. पाच गोल चेहरे. त्याखाली नावं: कळंबोली 2, सर हॉल, दिवा 9, बेबी. आणि पाचवं, ठाणे 14. "हे तुमचं काका. बाकीच्यात जायचं नाही, आणि सेटिंगमध्ये हात लावायचा नाही, नाहीतर लॉक होतं." मी मान डोलावली. ठाणे 14 म्हणजे मी. मग आधीचे 13 कुठे होते? कळंबोलीतला कोण माणूस माझ्या "नावावरच्या" खात्यात बसून सिनेमे बघत होता? एकच खातं गावभर वाटून विकलंय, हे पडद्यावर ढळढळीत लिहिलं होतं. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुका काढणाऱ्या मला ते वाचून काय वाटलं असेल? वाटलं, व्वा, मोठी सिस्टीम दिसतेय यांची.

त्याच संध्याकाळी ताईला फोन करून मीच सांगितलं, भरून टाक, ऑफर आजचीच आहे.

26 दिवस सगळं झकास चाललं. 3 एप्रिलला पासवर्ड चुकीचा दाखवायला लागलं. बॉक्सवरचे चॅनेल आधी अडखळत होते, मग काळा पडदा. फोन बंद. टेबलाच्या जागी भाजीची गाडी. सेक्रेटरींकडे गेलो, टेबल लावू दिलं होतं ना? पावतीपुस्तक उघडून दाखवलं: "जाहिरात स्टॉल, रोख 500." नाव नाही, नंबर नाही. सभासदाने भाडेकरू ठेवला तर दहा कागद मागणारी ही सोसायटी!

इथे संपलं असतं तरी बरं होतं. 19 एप्रिलला बँकेचं स्टेटमेंट काढलं, तर 15 मार्चला 1,499 आणि 15 एप्रिलला पुन्हा 1,499. तो पडताळणीचा रुपया म्हणजे ऑटो डेबिटची मंजुरी होती. दर वेळी ओटीपी येईल या भ्रमात राहू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 15,000 पर्यंतच्या अशा वसुलीला पहिली मंजुरी पुरते. 24 तास आधी सूचना मात्र पाठवावी लागते, आणि ती मला आली होती, दोन्ही वेळा. मी उघडली नाही. वाटलं, फसवणुकीचा मेसेज असणार.

सायबर फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या 1930 वर फोन लावला. हा नंबर तासाभरात लावायचा असतो, मी लावला सहा आठवड्यांनी. तक्रार नोंदवली, पण पैसे त्या खात्यातून केव्हाच पुढे गेलेले. तिथपर्यंत माझी चूक, मान्य. पण त्याआधी, 6 एप्रिललाच मी पोलिसांत गेलो होतो, त्याचं काय?

ठाण्यात राहणाऱ्याला ठाणं सापडायला वेळ लागत नाही, ठाण्यात तक्रार घ्यायला लागतो. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी स्क्रीनशॉट रंगीत छापून आणा. आणले, 10 रुपये पान, 11 पानं. तिसऱ्या दिवशी साहेबांनी पानं चाळली आणि म्हणाले, "काका, तुम्ही 26 दिवस बघितलंत ना? मग फसवणूक कशी? दिवाणी बाब आहे." आणि वर, "दुसऱ्याचं खातं वापरलंत तुम्ही, उलट तुमच्यावरच येईल." बाजूचा हवालदार हसला. माझ्या मुलीच्या वयाचा असेल. सायबरवाल्यांकडे जा म्हणाले. सायबरवाले म्हणाले, हद्दीतल्या ठाण्यातून पत्र आणा. पुन्हा खाली, पुन्हा वर. शेवटी साध्या अर्जावर पोच मिळाली. गोल शिक्का, तारीख पुसट.

बँकेत मी 2017 चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक छापून नेलं. तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर काही प्रकारांत ग्राहकाची जबाबदारी शून्य. बाईंनी वाचलंही नाही. "ओटीपी तुम्हीच टाकलाय सर, हा व्यवहार अनधिकृत नाही." मंजुरी रद्द करून द्या म्हटलं, तर ॲपमधून करा. ॲपमध्ये सापडेना, तर हेल्पलाइनला विचारा. हेल्पलाइन म्हणे शाखेत जा. मुलीने शेवटी चार मिनिटांत शोधून रद्द केली. चार मिनिटं! शाखेत माझा सव्वा तास गेला होता, टोकन नंबर 47. तुम्ही आजच आपल्या बँकेच्या आणि यूपीआय ॲपमधली ऑटो पे, मँडेट असं लिहिलेली यादी उघडा. आमच्यात आणखी एक मेलेलं सापडलं, मुलीच्या कॉलेजच्या वेळचं.

ग्राहक हेल्पलाइन 1915. बोलणं सौजन्याचं, पण कंपनीचं नाव विचारलं. कंपनी असती तर मी फोन कशाला केला असता? ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, हे कळल्यावर उत्साहाने माहिती काढली. फी नाही, पण समोरच्याचा पत्ता लागतो. 2023 मध्ये केंद्राने 'डार्क पॅटर्न'ची, म्हणजे ॲप-वेबसाइटवर ग्राहकाला गंडवणाऱ्या युक्त्यांविरुद्धची, नियमावली काढली आहे, त्यात सबस्क्रिप्शनचा सापळासुद्धा आहे. मी ती तीन हात नाक्याच्या सिग्नलला टीएमटीच्या बसमध्ये उभ्याने वाचली. छान लिहिली आहे. छत्रीवाल्याने बहुधा वाचली नसावी.

त्याने दिलेला बॉक्स कुणाकडे असेल तर नुसता बंद करू नका, वायफायवरून काढा आणि पासवर्ड बदला. त्यात अधिकृत ॲप स्टोअरच्या बाहेरून भरलेली ॲप असू शकतात. वर्षाचे पैसे एकदम मागणाऱ्याला आधी एक महिन्याचे द्या, घेत नसेल तर उत्तर मिळालं. ओटीटी घ्यायचंच तर त्या ॲपमध्ये जाऊन, आपल्या नंबरवर घ्या. आणि बहिणीला सांगायच्या आधी स्वतः दोन महिने वापरा.

ताई "जाऊ दे रे" म्हणते. भाऊजी काही म्हणत नाहीत, फक्त परवा जेवताना विचारलं, "आता कुठली ऑफर?"

सध्या घरात एक ओटीटी, 149. वायफाय खालच्या प्लॅनवर, 707. मोबाईल 790. वर्तमानपत्रं दोन्ही ठेवली. केबलचे नको ते चॅनेल कमी केले, ही सोय 2019 पासूनच होती, कुणी बघितलीच नव्हती. 412 चे 268 झाले. आईची मालिका त्यावर नीट लागते. परवा तिने विचारलं, तो रिमोट पुसून देणारा मुलगा पुन्हा आला नाही का रे? तीनचा आकडा परत अडकतोय.