सांगली, विश्रामबाग, कुपवाड की मिरज: भाड्याचं घर कुठं बघावं?

कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरी लागली की पहिला प्रश्न राहायचं कुठं हा. कागदावर सांगली-मिरज-कुपवाड ही १९९८ पासून एकच महापालिका आहे. घर शोधताना मात्र ही तीन वेगळी गावं धरावीत, आणि सांगली-मिरज रस्त्यावरचं विश्रामबाग चौथं. मी सांगलीच्या गावभागात आणि विश्रामबागेत भाड्यानं राहिलोय. मिरजेत बहीण राहते, कुपवाडला कामावरचे निम्मे लोक.

आधी नदीचं बोलू. पावसाळ्यात इथं भेटलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, "आयर्विनला किती झालं?" आयर्विन हा १९२९ सालचा पूल. कृष्णेची पातळी तिथं फुटांत मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, जुलै २०२१ मध्ये ५५ च्या आसपास. सांगलीत पाऊस उघडला म्हणून पाणी उतरत नाही. वर १०५ टीएमसीचं (अब्ज घनफुटांचं) कोयना धरण आहे, त्यातून सोडलेलं पाणी इथं येतं, आणि खाली हरिपूरला वारणा नदी येऊन मिळते. वारणाही फुगलेली असली की कृष्णेला पुढं सरकायला जागा राहत नाही आणि पाणी शहरात पसरतं.

त्यामुळं इथल्या प्रत्येक गल्लीला स्वतःचा आकडा आहे. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर इथली कुटुंबं चाळिशी जवळ आली की सामान बांधतात. आणखी वाढलं की मारुती चौक, मग हरभट रोड. घर बघायला गेल्यावर हॉल केवढा आहे ते नंतर बघा. आधी विचारा, "आयर्विनला किती फूट झालं की या गल्लीत पाणी येतं?" आणि हे घरमालकाला नको, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारा. त्याचा माल भिजलेला असतो, त्याला आकडा पाठ असतो.

माझं पहिलं घर गावभागात, म्हणजे जुन्या सांगलीत, तळमजल्यावर होतं. भाडं परवडणारं, गणपती मंदिर चालत जाण्याइतकं जवळ, मंडई हाकेच्या अंतरावर. भिंतींना छातीपर्यंत नवाकोरा ऑइलपेंट आणि त्याच्यावर जुनाच डिस्टेंपर. विजेचे बोर्ड डोक्याच्या उंचीला. मला वाटलं, घरात लहान मुलं असतील म्हणून वर घेतले असतील. २०१९ बद्दल घरमालक अवाक्षर बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही. २०२१ च्या जुलैत आम्ही फ्रीज कॉटवर चढवून, कागदपत्रं आणि गॅसची शेगडी घेऊन बाहेर पडलो. परत आलो तेव्हा दार ढकलून उघडेना. फ्रीज तरंगत येऊन दारामागं आडवा पडला होता. खिडकीतून हात घालून तो सरकवायला तिघं लागले. घोटाभर गाळ होता, आणि त्याचा वास दिवाळीपर्यंत कपाटातून गेला नाही. म्हणून सांगतो, भिंतीवर दोन रंग आणि वर चढवलेले बोर्ड दिसले की ते घर तुम्हाला काहीतरी सांगत असतं.

असं असलं तरी जुन्या सांगलीला मी नाव ठेवणार नाही. शाळा, बाजार, बँका, भडंगाची दुकानं, नाटकाचा प्रयोग, सगळं पायाखाली आहे. शेजारी हाक मारल्यावर येतात. पुरात माझं सामान ज्यांनी उचललं त्यांची मला तोवर नावंही माहीत नव्हती. इथं राहायचंच असेल तर पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावर घ्या आणि गाडी लावायला उंचावर एक जागा आधीच बोलून ठेवा. तळमजला कितीही स्वस्त मिळाला तरी नको.

विश्रामबागेत वालचंद आणि विलिंग्डन ही कॉलेजं, क्लासेस, दवाखाने, रुंद रस्ते. बराचसा भाग उंचावर आहे, म्हणून भाडं चौघांत सगळ्यांत जास्त. पण 'विश्रामबागजवळ' एवढ्या शब्दावर जाऊ नका. शंभर फुटी रस्त्याच्या बाजूला शामरावनगरसारखा सखल भाग आहे. काळी जमीन, निचरा नाही. तिथं नदीचा पूर नसतानाही नुसत्या पावसानं अंगणात पाणी साठतं. दोन घरांत एक किलोमीटरचं अंतर असतं आणि पावसाळा पूर्ण वेगळा. सकाळच्या शिफ्टला कुपवाडला जायला इथून दुचाकी बरी. सांगली-मिरज रस्त्यावर मात्र एसटीची शहर बस आणि वडाप (सीटवर भाडं घेणारी खाजगी गाडी) दोन्ही मिळतं.

कुपवाड कारखान्यांना चिकटून. जाण्यायेण्याचा वेळ वाचतो, भाडं कमी, आणि नदीपासून लांब असल्यानं पुराचं भय नाही. उणीव सांडपाण्याची. पुष्कळ वस्ती गुंठेवारीतून, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्यानं तुकडे विकून, उभी राहिली, आधी घरं झाली आणि गटार-रस्ते मागून येत राहिले. घर बघताना संडासाची टाकी कुठं आहे आणि बोअर कुठं, यातलं अंतर डोळ्यांनी बघा. नळाला पाणी किती वाजता येतं आणि किती दाबानं, हे शेजारच्या बाईंना विचारा. एकट्यानं राहणाऱ्या, शिफ्टमध्ये काम करणाऱ्या माणसाला कुपवाड सोयीचं. लहान मुलं असतील तर मी दोनदा विचार करीन.

मिरजेचा विचार बाहेरून येणारे फारसा करत नाहीत, आणि ते चुकतं असं माझं ठाम मत आहे. कृष्णाघाटाकडचा सखल भाग सोडला तर पुराचा त्रास कमी. जंक्शनवरून पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर अशा चारी दिशांना गाड्या. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी नेणारी रेल्वेही इथूनच सुटली होती. वानलेस हॉस्पिटल १८९४ पासूनचं, शिवाय सरकारी मेडिकल कॉलेज. घरात वयस्कर आईवडील असतील तर ही एकच गोष्ट पुरेशी आहे. आणि मिरजेचं एक सुख कुठल्याच जाहिरातीत नसतं. संध्याकाळी सतारमेकर गल्लीतून गेलं की कुणीतरी तंबोऱ्याची जवारी लावत, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद जुळवत असतं, एकच तार पुन्हा पुन्हा. बहिणीकडं गेलो की मी मुद्दाम त्या वाटेनं जातो. हॉस्पिटलांच्या आसपास पार्किंगची आणि हॉर्नची कटकट आहे, तेवढी धरून चला.

पाण्याची एक गोष्ट चारही ठिकाणी सारखी. नळाचं पाणी कृष्णेचंच, आणि शेरीनाल्याचं सांडपाणी त्याच नदीत जातं. पिण्याचं पाणी उकळा किंवा घरात फिल्टर बसवा. उन्हाळ्यात कोयनेतून पाणी सोडायला उशीर झाला की नदीचं पात्र उघडं पडतं, तेव्हा छतावरची टाकी केवढी आहे हे फार महत्त्वाचं ठरतं. पुरातही उंचावरच्या घराचे नळ बंद पडू शकतात.

करार तोंडी ठेवू नका. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणं कायद्यानं बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी घरमालकाची. आमच्या पहिल्या करारात पुराचा उल्लेखच नव्हता, डिपॉझिटवरून दोन महिने बोलणी चालली. आता मी एक ओळ घालूनच घेतो: पुरामुळं घर राहण्याजोगं नसेल तेवढ्या दिवसांचं भाडं नाही, आणि डिपॉझिटमधून गाळकाढणीचा खर्च कापायचा नाही.

कुटुंब, शाळकरी मुलं आणि थोडं जास्त भाडं झेपत असेल तर विश्रामबागेचा उंच भाग. आईवडील सोबत असतील किंवा महिन्यातून दोनदा पुण्याला जावं लागत असेल तर मिरज. शक्य असेल तर घर बघायला मे महिन्यात न येता जुलैत या, पाऊस चालू असताना, आणि गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून शेवटच्या घरापर्यंत चालत जा.