आठ महिने ऐकलेले पानिपत

जूनपासून दाभोळ-धोपावे फेरीबोटीने रोज ये-जा करताना मी पानिपतावरील एका मराठी कादंबरीचे ऑडिओबुक ऐकत आलो असून, आतापर्यंत ते दोनदा पूर्ण ऐकून झाले आहे. वाचकाचा आवाज स्वच्छ व संयत आहे. मात्र खाडीच्या मध्यावर रेंज गेली की ॲप थांबते, म्हणून प्रकरणे घरीच डाउनलोड करून ठेवावी लागतात.

स्वतः तलवार उपसून रणात शिरणारा सेनापती मला लहानपणापासून प्रिय आहे. १४ जानेवारी १७६१ च्या दुपारी विश्वासरावांना गोळी लागते आणि त्यांचे काका, सेनापती सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर स्वार होतात, तो प्रसंग प्रथम ऐकला तेव्हा मी फोन बंद करून बोटीच्या कठड्याला धरून बराच वेळ उभा होतो. दुसऱ्या वेळी लक्ष रिकाम्या अंबारीकडे गेले. दूरवर झुंजणाऱ्या शिपायापर्यंत भाऊंचा पराक्रम पोहोचत नाही. मोकळी अंबारी तेवढी दिसते आणि त्याचा धीर सुटतो. तिकडे अब्दाली पिछाडीला राहून पळणाऱ्यांना माघारी लोटतो व राखीव फौज नेमक्या वेळी पुढे काढतो. भाऊंवर एवढी माया असूनही लेखकाने हे झाकलेले नाही, याचे मला फार मोल वाटते.

आमच्याकडे जाळे ओढताना खलाशी कितीही मेटाकुटीला आले तरी तांडेल, म्हणजे नावेचा प्रमुख, सुकाणू सोडत नाही. भाऊंचे प्रकरण ऐकताना मला दर वेळी तो तांडेल आठवतो, आणि पोटचे पोर गेल्यासारखे दुःख झालेल्या माणसाने सुकाणू धरून तरी कसे बसावे, हेही जाणवते.

सरनौबत प्रतापराव गुजर २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीजवळ मोजक्या स्वारांनिशी बहलोलखानावर तुटून पडले. त्यांच्यावरील बहुतेक कथा ते पडतात तिथेच संपतात. मागे राहिलेल्या फौजेला पुढचा हुकूम कोणी दिला, हे विचारणारा लेखक विरळा. तो प्रश्न ज्यांना पडतो, त्यांनी हे पुस्तक अवश्य ऐकावे.

सरखेल कान्होजी आंग्र्यांवरची एखादी कादंबरीही याच आवाजात यावी, अशी मनापासून इच्छा आहे, कारण गुराबेवर, म्हणजे त्यांच्या लढाऊ गलबतावर, सरदार आणि खलाशी एकाच फळीवर उभे असतात, तिथे पिछाडी कुठली असणार?

तिसरी फेरी सुरू केली आहे. दिल्ली घेऊन झाली असून भाऊंची फौज कुंजपुऱ्याच्या वाटेला लागली आहे.